गाडीचं इंजिन बदलायच्या आधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस-सोयाबीन विकून हातात पैसा आला की गाडीचं काम काढायचं हा आपल्याकडचा रिवाजच आहे, आणि तेव्हाच हे प्रश्न येणं सुरू होते. यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती, तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतचे लोक फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. इंजिन बदलणं म्हणजे जुन्या गाडीवरचा सगळ्यात मोठा खर्च, आणि बहुतेक जण पहिले विचारतात "किती पीएसचं मिळेल". माझ्या मते पहिला प्रश्न "आधीचं काहून गेलं" हा पाहिजे आणि दुसरा "माझ्या रस्त्याले ओढ कोणत्या आरपीएमला लागते" हा. आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाले किती फेऱ्या मारते ते.

१. सीसी, एनएम, पीएस हे नेमकं काय आहे? साध्या भाषेत सांगा.

सीसी म्हणजे पिस्टन खालून वर जाताना सगळ्या सिलिंडरमधली जेवढी जागा झाडून काढते तेवढी जागा. जुन्या वॅगनआर आणि अल्टो के१० मधलं के१०बी इंजिन घ्या, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७९.५ मिमी, सिलिंडर तीन, बोअरच्या गोलाचं क्षेत्रफळ, स्ट्रोक आणि तीन यांचा गुणाकार केला की ९९८ सीसी येते. यावरून इंजिन दोन फेऱ्यांत किती हवा ओढू शकते एवढंच कळते, ताकद कळत नाही.

एनएम म्हणजे टॉर्क. चाकाचा नट जाम झाला की आपण पान्याले पाईप लावून लांबून दाबतो, जोर आपला तोच पण नट सुटते, ही जी वळवायची ताकद वाढली ती टॉर्क. इंजिन क्रँकले, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याले, तशीच वळवते.

पीएस म्हणजे ही वळवायची ताकद किती वेगानं लागू होते त्याचा हिशोब. टॉर्कले आरपीएमनं गुणा, ९५४९ नं भागा, किलोवॅट येते. १ पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॅट. म्हणजे पीएस ही वेगळी वस्तू नाही, टॉर्क आणि आरपीएम यांचाच गुणाकार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

२. जास्त पीएस म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन, बरोबर ना?

अर्धं बरोबर. के१०बी देते ६८ पीएस, पण ते ६२०० आरपीएमला, आणि टॉर्क ९० एनएम ३५०० ला. बीएस६ (२०२० पासूनच्या धुराच्या नियमाच्या) बोलेरोचं १४९३ सीसीचं डिझेल देते साधारण ७५ पीएस ३६०० ला, टॉर्क २१० एनएम १६०० ते २२०० मध्ये. पीएस पाहिले तर फक्त सात-आठचा फरक. आता दोघांले १८०० आरपीएमवर आणून पाहा, जिथं आपण पांदणीनं खताची पोती घेऊन जातो. बोलेरो तिथं ५४ पीएसच्या आसपास देते. वॅगनआरले तिचा सगळा ९० एनएम १८०० लाच मिळते असं धरलं, जे खरं तर मिळत नाही, तरी २३ पीएसच्या वर जात नाही. ओढ म्हणतात ती हीच.

पण लगेच डिझेल भारी आणि पेट्रोल हलकं असंही समजू नका. बोलेरो वजनानं वॅगनआरच्या जवळपास दुप्पट आहे, आणि चाकावर पोचणारा टॉर्क म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअर. छोटं पेट्रोल इंजिन खालच्या गिअरमध्ये ३५०० वर ठेवलं तर तेही चढते, फक्त आवाज करते आणि पेट्रोल पिते. आपल्याकडे लोक पेट्रोल गाडी डिझेलसारखी चालवतात, चौथ्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडनं ओढत नेतात, आणि मग म्हणतात इंजिनमध्ये दम नाही. म्हणून कागदावर पीएस पाहिले की लगेच बाजूचा आरपीएम पण पाहा, त्याच्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे.

३. माह्या गाडीत पहिल्यासारखा पिकअप नाही, चढावर दम सोडते. इंजिनच बदलू का?

थांबा भाऊ. ओढ कमी झाली म्हणजे इंजिन गेलं असं नाही, आणि हे मी कळकळीनं सांगतो कारण चांगलं इंजिन काढून भंगाराच्या भावात देणारे लोक लय आहेत. आधी हे सगळं पाहून घ्या, यातल्या बऱ्याच गोष्टी हजार-दोन हजारात सुटतात:

क्लच. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वाढते, आवाज वाढते पण गाडी तेवढी पळत नाही, हे क्लच घसरायचं लक्षण आहे, इंजिनचं नाही.

ब्रेक. पावसाळ्यात पांदणीचा काळा चिखल चाकात बसते, कॅलिपर नाहीतर ड्रम जाम होते आणि ब्रेक थोडे लागूनच राहते. पाचदहा किलोमीटर चालवून उतरा आणि चाकांजवळ हात नेऊन पाहा, एकच चाक जास्त गरम लागत असंल तर तिथंच रोग आहे. हात टेकवू नका, पोळते.

एअर फिल्टर. सोयाबीन काढणीच्या वेळी थ्रेशरच्या बाजूला उभी राहिलेली गाडी, वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांमागं रोज चालणारी गाडी, यांचे फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या लय आधी चोक होतात. नुसता झटकून परत लावू नका, नवा घाला, आणि डब्याचं रबर नीट बसलं का ते पाहा, कारण फटीतून गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) दोन्ही खाते.

डिझेल फिल्टर. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल कारमध्ये टाकता का? ड्रममध्ये पाणी सुटते, गंज उतरते. जुन्या पंपाच्या इंजिननं ते थोडंफार सहन केलं असतं, कॉमन रेलचे (नव्या डिझेलमधले, लय दाबानं डिझेल फवारणारे) इंजेक्टर अजिबात सहन करत नाहीत.

टायर. मोठे टायर टाकले की गिअरिंग लांब होते, सगळ्याच गिअरमध्ये ओढ कमी लागते. हा दोष आपणच पैसे देऊन आणलेला असते.

पेट्रोल गाडीत प्लग, कॉइल आणि चोक झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा डबा). टर्बो डिझेलमध्ये टर्बो ते इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) फुटलेला पाईप, जो फक्त जोर दिल्यावर शिट्टीसारखा वाजते. आणि कोठ्यात उभ्या गाडीची वायरिंग उंदरानं कुरतडली का तेही पाहा.

हे सगळं नीट असूनही दम नाही, तर मग प्रश्न ५ ची टेस्ट करा.

४. उन्हाळ्यात एसी लावला की गाडी मेल्यासारखी चालते, हिवाळ्यात एकदम मस्त. हा दोष आहे का?

बराचसा नाही. गरम हवा पातळ असते. २५ डिग्रीच्या हवेच्या तुलनेत ४५ डिग्रीला तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के हवा कमी मावते, म्हणजे जळायले ऑक्सिजन तेवढा कमी. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालते, आणि छोट्या इंजिनले तो भार जाणवणारच. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना आठवा. उंचीचंही तेच, चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर आहे, आणि बिनटर्बोच्या इंजिनची ताकद दर १०० मीटरले जवळपास १ टक्का उतरते. टर्बोच्या गाडीले हे कमी जाणवते कारण टर्बो हवा दाबून भरते.

म्हणून इंजिन बदलायचा निर्णय मे महिन्यात घाटात घेऊ नका. सकाळी, एसी बंद, सपाट रस्त्यावर गाडी कशी चालते त्यावरून ठरवा. पण तापमानाचा काटा वर जात असंल तर तो मात्र दोष आहे, प्रश्न ८ पाहा.

५. इंजिन खरंच गेलं आहे हे पक्कं कसं कळंल?

कॉम्प्रेशन टेस्टनं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करते ते मोजून. मिस्त्रीनं कानानं ऐकून "गेलं" म्हटलं तर त्याले गेज लावायले सांगा, जवळ नसंल तर तालुक्यात कोणाकडे तरी असतेच. पेट्रोलमध्ये इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, पेट्रोल आणि करंट बंद करायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा, गेजचा काटा थांबेपर्यंत. बॅटरी चांगली चार्ज पाहिजे नाहीतर आकडा खोटा येते. डिझेलचं गेज वेगळं असते, ते हीटर प्लगच्या नाहीतर इंजेक्टरच्या जागी लागते.

पेट्रोलले साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं माप), डिझेलले ३५० ते ४५० च्या आसपास येते, पण खरा आकडा त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला आपसातला फरक जास्त बोलते. तिन्ही १६०-१६५ असंल तर इंजिन ठणठणीत आहे, १७०-१६५-११० असंल तर एका सिलिंडरमध्ये गडबड आहे. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक चांगला नाही.

कमी आलेल्या पेट्रोल सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत टेस्ट घ्या. आकडा वाढला तर रिंगा नाहीतर बोअर घासला आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्याच्या वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग. आणि ही दुसरी गोष्ट निघाली तर तुमचं काम हेडवर भागते, पूर्ण इंजिन लागतच नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सोबतच पडले असंल तर बहुतेक दोघांच्या मधलं गॅस्केट गेलेलं असते.

कॉम्प्रेशन चांगलं आहे पण खालून ठोकल्यासारखा आवाज आहे आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा लाइट लागते, तर बेअरिंगा गेल्या. ते कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दिसत नाही, ऑइल प्रेशर गेज लावून पाहावं लागते.

६. सायलेन्सरमधून धूर येते. कोणत्या रंगाचा म्हणजे काय?

निळा म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे डिझेल-पेट्रोल जास्त आणि हवा कमी, बहुतेक वेळा फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोचा पाईप. पांढरा, गोडसर वासाचा, गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही आणि कूलंट कमी होत आहे, तर कूलंट आत जाते. थंडीत सकाळी पाचदहा मिनिटं येणारी वाफ धरू नका.

निळा धूर दिसला की सगळे रिंगाच म्हणतात, पण रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावरच निळा भपका येऊन थांबत असंल तर व्हॉल्व्ह सील असू शकते, आणि टर्बो डिझेलमध्ये टर्बोचं सीलही ऑइल सोडते. दोन्ही कामं इंजिन न बदलता होतात.

७. इंजिन बांधू (तेच खोलून नवे पार्ट टाकू) का दुसरं टाकू?

ब्लॉक आणि क्रँक चांगले असतील आणि तुमच्या ओळखीचा, काम डोळ्यासमोर करणारा मिस्त्री असंल तर बांधा, हे माझं स्पष्ट मत आहे. बांधलेल्या इंजिनमध्ये काय नवीन टाकलं ते तुम्हाले माहीत असते, भंगारातून आलेल्या इंजिनचं काहीच माहीत नसते. इंजिन नंबरही तोच राहते, म्हणजे आरटीओचा प्रश्न येत नाही.

दुसरं टाकायचं ते कधी, तर कनेक्टिंग रॉडनं ब्लॉक फोडला, क्रँक तुटली, किंवा ब्लॉकले तडा गेला तेव्हा. आणि दोन्हीतलं काहीही करायच्या आधी त्याच मॉडेलची, त्याच सालाची चालू गाडी कितीत येते हे विचारा. इंजिनचा सगळा खर्च, म्हणजे क्लच प्लेट, गॅस्केट, ऑइल, मजुरी, नेणं-आणणं धरून, त्याच्या निम्म्याच्या वर जात असंल तर मी खर्च करणार नाही.

८. दोन वर्षांत दुसऱ्यांदा हेड गॅस्केट गेलं, आता इंजिनच बदलतो. नवीनमध्ये हे होणार नाही ना?

होईल, जर कारण तसंच राहिलं तर. आपल्याकडे इंजिन मरायचं सगळ्यात मोठं कारण मला रेडिएटरमधलं बोअरवेलचं पाणी वाटते. आपल्या बहुतेक गावांत बोअरचं पाणी जड आहे, घरच्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसते तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांमध्ये बसते. मग गाडी तापते, हेड वाकते, गॅस्केट जाते. हेड न घासता नुसतं गॅस्केट बदललं तर ते परत जाणारच.

दुसरी वाईट सवय थर्मोस्टॅट काढून टाकायची. "गरम होते ना, काढून टाकू, पाणी मोकळं फिरंल" असं म्हणतात. थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन हिवाळ्यात कधीच नीट गरम होत नाही, ॲव्हरेज पडते, रिंगा लवकर घासतात, आणि तापायचं खरं कारण तसंच राहते.

म्हणून कोणतंही इंजिन बसवायच्या आधी रेडिएटर खोलून साफ करा नाहीतर नवा टाका, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज आणि रेडिएटरचं झाकण नवीन घ्या, फॅन बरोबर वेळेवर सुरू होते का पाहा, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळूनच भरा. जुनं इंजिन ऑइलअभावी गेलं असंल तर गळती कुठं होती, धुळीनं गेलं असंल तर फिल्टरचा डबा कुठं फुटला होता, हे आधी शोधा. टर्बो फुटून गेलं असंल तर इंटरकूलरमध्ये ऑइल आणि तुकडे साचलेले असतात, तो साफ न करता नवीन इंजिनले जोडला तर ते आतच ओढून घेईल.

९. बोअर करून मोठा पिस्टन टाकला तर ताकद वाढते का?

नाही म्हणण्याइतकीच. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५० मिमी अशा मापात मिळतात, ते घासलेला बोअर परत गोल करायसाठी असतात. के१०बीचा बोअर ०.५० नं वाढवला तर ९९८ चे साधारण १,०१२ सीसी होतात, एवढंच.

१०. दुकानदार हाफ इंजिन, फुल इंजिन म्हणते. काय घेऊ?

साधारणपणे हाफ म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन. हेड तुमचं जुनंच लागते. फुल म्हणजे हेडसहित. पण टर्बो, पंप, इंजेक्टर, अल्टरनेटर, सेन्सर, वायरिंग त्यात आहे का नाही हे प्रत्येक दुकानाचं वेगळं असते, म्हणून फोनवर भाव ठरवू नका, काय काय येणार ते बिलावर लिहून घ्या. फुल इंजिनच्या भावात हाफच आलं की मग भांडत बसावं लागते.

११. भंगारवाल्याकडून जुनं इंजिन घेत आहो. काय तपासू?

"गाडी फक्त चाळीस हजार चालली होती" यावर विश्वास ठेवायले काहीच आधार नसते, किलोमीटर मीटरमध्ये असते, इंजिनवर लिहिलेलं नसते. शक्य असंल तर गाडीतून काढायच्या आधी चालू करून पाहा आणि प्रश्न ५ ची टेस्ट तिथंच घ्या. काढून ठेवलेलं असंल तर क्रँक हातानं पान्यानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, कुठं अडकते का पाहा. ऑइलचं झाकण उघडा, आत काळा डांबरासारखा थर असंल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. दुधाच्या चहासारखा रंग असंल तर पाणी मिसळलं आहे, सोडून द्या. टर्बोच्या पंख्याचा दांडा धरून हलवा, थोडी ढिलाई चालते पण पंखा बॉडीले घासला नाही पाहिजे. हेडचे बोल्ट ताजे खोललेले दिसले तर विचारा काहून खोलले.

कागद मात्र सगळ्यात महत्त्वाचे. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची कॉपी, इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, आणि ब्लॉकवरचा नंबर या दोघांशी जुळला पाहिजे. नंबर घासलेला, परत ठोकलेला दिसला तर किती पण स्वस्त असो, हात लावू नका. चोरीचं निघालं तर गाडी पोलीस स्टेशनात जाते आणि तुम्ही चकरा मारत बसता.

१२. अल्टो ८०० मध्ये के१० चं इंजिन बसते का? पोट्टे म्हणतात बसते.

बसवणारे असंल, पण मी नको म्हणतो. अल्टोचं एफ८डी ७९६ सीसी, ४८ पीएस, ६९ एनएम, टाइमिंग बेल्टचं. के१०बी ९९८ सीसी, टाइमिंग चेनचं, वेगळ्या पिढीचं इंजिन. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते रबरी टेकू), गिअरबॉक्सची जोडणी, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर, यालेच ईसीयू म्हणतात), वायरिंग, रेडिएटर, एक्झॉस्ट सगळं बघावं लागते, आणि ब्रेक कमी ताकदीच्या गाडीचेच राहतात. वरून आरसीवर सीसी बदलते, त्याची मंजुरी मिळणं सोपं नाही (प्रश्न १५). एवढ्या पैशात जुनी अल्टो विकून के१० घेणं परवडते.

१३. स्विफ्ट डिझेल, व्हिस्टा, पुंटो सगळ्यांत तेच १.३ इंजिन आहे ना? मग कोणतंही टाकलं तर?

मूळ डिझाइन फियाटचं, १२४८ सीसी, हे खरं, आणि म्हणून लोक त्याले देशाचं डिझेल इंजिन म्हणत. पण एक ७५ पीएस-१९० एनएमचं, एक व्हेरिएबल टर्बोवालं ९० पीएस-२०० एनएमचं, आणि प्रत्येक कंपनीचं फाउंडेशन, सेन्सर, ईसीयूचं प्रोग्रॅमिंग वेगळं. म्हणून नुसतं १.३ पाहून घेऊ नका, तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच पीएसचं आणि शक्यतो त्याच दोनतीन सालातलं घ्या.

कॉमन रेलमध्ये अजून एक गोष्ट विसरतात. बऱ्याच इंजेक्टरवर कोड असते आणि तो ईसीयूमध्ये भरावा लागते. इंजिन नवीन इंजेक्टरसहित बसवलं आणि कोड जुनेच राहिले तर गाडी थरथरते, धूर मारते, आणि मग लोक इंजिनलेच दोष देतात. ईसीयू बदलला तर चावीच्या इमोबिलायझरशीही (चोरी रोखणाऱ्या कुलपाशी) जुळवावा लागते, नाहीतर सेल्फ फिरते पण गाडी चालू होत नाही. स्कॅनर असलेला मिस्त्री आधी ठरवा, मग इंजिन उचला.

१४. बीएस४ गाडीत बीएस३ इंजिन चालते का? स्वस्त मिळून राहिलं.

नाही. देशभर बीएस४ १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, आणि गाडी ज्या नॉर्मची नोंदलेली आहे त्याच्या खाली जाता येत नाही. बीएस६ डिझेलमध्ये तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि त्याचे सेन्सर सगळे इंजिनसोबत एकमेकांशी बोलतात, त्यात जुनं इंजिन घालणं म्हणजे रोज चेक लाइट.

१५. इंजिन बदललं तर आरटीओत सांगावं लागते का? गावात कोण पाहते?

सांगावंच लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी मंजुरी घ्यायची आणि बदलल्यावर १४ दिवसांच्या आत आरसी घेऊन कळवायचं, तेही तुम्ही राहता तिथल्या आरटीओले, यवतमाळवाल्यानं यवतमाळले, वाशीमवाल्यानं वाशीमले. गाडीवर कर्ज चालू असंल तर बँकेची किंवा फायनान्सवाल्याची एनओसी लागते. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, तेवढ्याच सीसीचं आणि त्याच इंधनाचं इंजिन असंल तर काम बहुतेक सरळ होते, म्हणूनही मी सारखं "तेच इंजिन घ्या" म्हणतो.

गावात कोणी पाहत नाही हे खरं, पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिले इंजिन नंबर पाहते. न जुळला तर क्लेम अडकते. आरसी बदलून आली की विमा कंपनीलेही लेखी कळवा.

१६. नवीन ब्लॉकवर नंबरच नाही. मिस्त्री म्हणते जुना नंबर ठोकून देतो.

ठोकू देऊ नका. भावना चांगली असंल, पण स्वतः ठोकलेला नंबर आणि चोरीच्या गाडीवर ठोकलेला नंबर पाहणाऱ्याले सारखाच दिसते. ब्लॉकचं बिल घेऊन आरटीओत जा, ते सांगतील तसं करा. फक्त हेड बदललं असंल तर हा प्रश्नच येत नाही, नंबर ब्लॉकवर असते.

१७. टर्बो लावून नाहीतर चिप टाकून जुन्याच इंजिनची ताकद वाढवता येते का?

घासलेल्या इंजिनवर तर अजिबात नाही. टर्बो म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त दाब आणि जास्त उष्णता, आणि बिनटर्बोच्या इंजिनचे पिस्टन त्यासाठी बनवलेले नसतात. चिपचं तसंच, आकडा वाढते पण क्लच, गिअरबॉक्स आणि हेड गॅस्केट जुन्याच हिशोबाचे राहतात.

१८. सीएनजी लावायची असंल, किंवा ई२० पेट्रोलचं काय? इंजिन निवडताना विचार करू का?

सीएनजीवर ताकद कमी होते हे कंपनीच मान्य करते, नवीन वॅगनआरचं १ लिटर इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस-८९ एनएम आणि सीएनजीवर ५७ पीएस-८२ एनएम देते. कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनवर किट लावली तर अजून खराब चालते, आधी इंजिन सुधारा.

इथेनॉलमध्ये लिटरमागं उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, म्हणून २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं पडणारच, इंजिन बदलून ते परत येणार नाही. पण जुन्या सालाचं पेट्रोल इंजिन बसवत असाल तर पेट्रोलचे रबरी पाईप आणि सील ई२० ले चालणारे नवीन टाका, जुनं रबर त्यात फुगते, तडकते.

१९. नवीन बांधलेलं इंजिन पहिले किती दिवस सांभाळू?

दिवस नाही, किलोमीटर धरा. पहिले ५०० ते १००० किलोमीटर एकाच स्पीडवर तासनतास चालवू नका, आरपीएम कमीजास्त करत राहा, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ओढू नका, आणि लग्नसराईत दहा जण कोंबून नेऊ नका. उभं ठेवून तासभर चालू ठेवणं हेही चुकीचं, रिंगा बसायले थोडा भार लागतेच. पहिलं ऑइल लवकर, ५०० ते १००० च्या मध्येच बदला, त्यात धातूचा चुरा येते. कूलंट रोज सकाळी इंजिन थंड असताना पाहा.

२०. ट्रॅक्टरचं ऑइल घरात पडलं आहे, गाडीत टाकलं तर चालते ना?

डीपीएफ असलेल्या बीएस६ डिझेलमध्ये नाही, त्यात कमी राख सोडणारं खास ऑइल लागते, नाहीतर डीपीएफ चोक होते. बाकी गाड्यांतही मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिला आहे तोच टाका.

२१. नाल्याच्या पाण्यात गाडी बंद पडली, आता सेल्फ फिरत नाही. इंजिन गेलं का?

सेल्फ मारणं आधी बंद करा, बॅटरीची वायर काढा. इंजिननं हवेच्या पाईपमधून पाणी ओढलं असंल तर पाणी दबत नाही, पिस्टन त्यावर आदळते आणि कनेक्टिंग रॉड वाकते. ढकलून गिअरमध्ये टाकून चालू करायचा प्रयत्न हा सगळ्यात वाईट. प्लग किंवा इंजेक्टर काढून, पाणी बाहेर काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून मगच फिरवायचं. नंतर चालू झालं तरी प्रश्न ५ ची टेस्ट घ्या, रॉड थोडा वाकला असंल तर त्या सिलिंडरचा आकडा कमी येते. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकव्हर घेतलं आहे का ते पॉलिसीत पाहा.

२२. सेकंडहँड गाडी घेत आहो, मालक म्हणते "इंजिन नवीन टाकलं आहे". चांगलं ना?

तेव्हा जास्त प्रश्न विचारा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळवा. जुळत असंल तर इंजिन बदललेलं नाही, बांधलेलं आहे, मग काय काय टाकलं त्याची बिलं मागा. जुळत नसंल आणि आरटीओत नोंद नसंल तर गाडी नावावर करतानाच अडकाल, म्हणून आधी मालकाले नोंद करून आणायले सांगा, मगच पैसे द्या. आणि एवढं करून सगळं बरोबर निघालं तरी त्याले एक विचारा, आधीचं इंजिन काहून गेलं होतं. उत्तरात रेडिएटर, पाणी, ऑइल यातलं काही निघालं तर प्रश्न ८ मधलं काम त्यानं केलं का, त्याची बिलं पाहा.